सोनारीवरचे २४० परार्ध ढगकण

पावसाळ्यात सकाळी परंडा तालुक्याच्या ग्रुपवर मंडळनिहाय पावसाची यादी फिरते. परंडा, जवळा, आनाळा, आसू, सोनारी. समजा, सोनारीपुढे आकडा आलाय १ मिलिमीटर. त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. एक मिलिमीटरने ढेकूळ फुटत नाही, उडदाच्या पानावरची धूळ तेवढी चिकट होते. 'शिंतोडं आलं' म्हणून गाव मोकळं होतं. आपण मात्र आज हाच आकडा घेऊन बसू. हा एक मिलिमीटर आभाळातून आला कसा आणि माणसाला तो वाढवता येईल का, या दोन प्रश्नांवर शास्त्रज्ञांनी महाराष्ट्राच्या याच पट्ट्यात वर्षानुवर्षं घालवली आहेत. आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष गेलं ते फक्त कृत्रिम पावसाचं विमान उडालं तेव्हा.

आधी हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सोनारीच्या आसपासचा १०० चौरस किलोमीटरचा तुकडा धरा. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे १० कोटी लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ती आठवत असेल. पहिल्या फेरीत १० वाघिण्या आणि ५ लाख लिटर पाणी. पुढे गाडी ५० वाघिण्यांची झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर जाऊ लागलं. देशभरचे कॅमेरे रुळाकडेला उभे होते. त्या भरलेल्या गाडीच्या ४० खेपा म्हणजे आपले हे शिंतोडे. अडीच मिलिमीटरची सर आली तर १०० खेपा भरतात. ती सर सोनारीवर पंधरा मिनिटांत पडून जाते आणि तिची बातमी होत नाही.

आता थेंब मोजू. पावसाचा मध्यम थेंब दोन मिलिमीटर व्यासाचा धरला, तर एका लिटरमध्ये सुमारे २ लाख ४० हजार थेंब बसतात. १०० चौरस किलोमीटरवर मग २४ लाख कोटी थेंब पडले. पण ढगात हे थेंब नसतातच. ढगात असतात ते कण, व्यास सुमारे २० मायक्रोमीटर, म्हणजे पावसाच्या थेंबाचा शंभरावा भाग. व्यास शंभरपट कमी, तर आकारमान शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर पट कमी. दहा लाख कण एकत्र येतात तेव्हा पावसाचा एक थेंब होतो. म्हणून सोनारीवरचा एक मिलिमीटर म्हणजे २४ वर १८ शून्यं इतके ढगकण.

एवढ्या संख्येला आपल्याकडे नाव आहे का? भास्कराचार्य ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एक, दहा, शंभर असं चढत जात परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपल्या हिशेबाला असे २४० परार्ध लागले. यादीची शेवटची पायरी ओलांडायला परंडा तालुक्यातले शिंतोडे पुरेसे ठरले.

सोनारी हे भैरवनाथाचं गाव. कितीतरी घरांचं कुलदैवत इथं आहे, चैत्रात यात्रा भरते, देवळाभोवतीच्या माकडांचा बोलबाला गावापेक्षा मोठा आहे. आणि गाव पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर पिळले जातात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि दोनशे किलोमीटरच्या आत इकडे परंड्याच्या बाजूला त्याचा एक अष्टमांशही जेमतेम. पण 'ढग रिकामे होऊन येतात' असं जे आपण म्हणतो ते खरं नाही. पावसाळ्यात इथल्या हवेच्या उभ्या स्तंभात जी वाफ असते, ती सगळी पाणी होऊन खाली उतरली तर ४० मिलिमीटर तरी भरेल. १०० चौरस किलोमीटरला हे ४०० कोटी लिटर झाले. दुष्काळी पावसाळ्यातही हे पाणी डोक्यावरून वाहत असतं. वाफ येते, अनेकदा ढगही धरतो. नेमका थेंब होत नाही.

का होत नाही, हे कळायला ढगात जावं लागतं. एक घन किलोमीटरचा ढग, म्हणजे एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच, तसा लहानच. त्यातल्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभरेक कण असले, तर ढगात पाणी भरतं सुमारे ४२० टन. तेवढ्या जागेतली हवा मात्र दहा लाख टनांच्या घरात असते. म्हणजे कापसासारखा दिसणारा ढग चार लाख लिटरचा असतो आणि तरी हवेच्या मानाने त्यातलं पाणी नगण्य. आपला एक मिलिमीटर भरायचा तर असे २४० ढग शेवटच्या कणापर्यंत पिळायला हवेत.

आणि हे ४२० टन पडत का नाहीत? २० मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली येतो. एक किलोमीटर उतरायला त्याला जवळपास एक दिवस लागेल. ढगात वर जाणारा वारा सेकंदाला एक मीटर किंवा अधिक असतो, तो त्याला कधीच खाली येऊ देत नाही. दोन मिलिमीटरचा थेंब मात्र सेकंदाला साडेसहा मीटरने सुटतो आणि अडीच मिनिटांत जमिनीवर. या दोघांच्या मधली वाट म्हणजे पाऊस. सगळे कण सारखे असतील तर सगळे सारख्या वेगाने तरंगतात, कुणी कुणावर आदळत नाही. त्यांत थोडे मोठे असावे लागतात. ते जोरात पडतात, वाटेतल्या बारक्यांना गिळतात, आणखी मोठे होतात. दहा लाखांत एक असा निघाला तरी पुरे, कारण त्याला गिळायला दहा लाखच लागणार आहेत.

इथे रसायनशास्त्र आत येतं. ढगाचा प्रत्येक कण कशावर तरी धरतो, धुळीवर, मिठावर, धुरातल्या सल्फेटवर. धूळ-मिठाचे हे तरंगते कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. हवेत ते जास्त झाले की तेवढंच पाणी जास्त जणांत वाटलं जातं. शंभराच्या जागी हजार ढगकण झाले तर प्रत्येकाचा व्यास २० वरून ९ मायक्रोमीटरवर येतो आणि ढग पांढराशुभ्र, भरगच्च दिसूनही कोरडा निघून जातो. शेतकऱ्याला तो दिसतो, त्याच्या नावाने चार शब्द निघतात, आणि त्यात दोष बहुधा कुठल्या तरी दूरच्या धुराचाही असतो.

उपाय सुचायला सोपा आहे: मोठे, पाणी ओढणारे कण ढगात सोडा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, बारामतीच्या परिसरात हेच केलं. बारीक दळलेलं मीठ, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड, आणि विमान. १९७३, ७४, ७६ आणि मग १९७९ ते ८६ असे अकरा पावसाळे. दोन क्षेत्रं आखलेली, मध्ये एक मोकळा पट्टा. कोणत्या दिवशी कोणत्या क्षेत्रात मीठ टाकायचं ते नाणेफेकीसारखं नशिबावर ठरायचं, माणसाच्या अंदाजावर नाही. शेवटी निष्कर्ष निघाला की पाऊस २४ टक्के वाढला. सोनारीपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर चौदा वर्षांत पसरलेला हा प्रयोग. त्याचं नाव ऐकलेला माणूस परंडा-करमाळ्याच्या बाजारात शोधून सापडणार नाही. पुण्यातही सापडला तर नशीब.

आता दुसरं टोक पाहा. २००३ च्या दुष्काळात सरकारने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, २०१५ मध्ये औरंगाबादहून विमान उडालं, २०१९ मध्ये ३० कोटींची तरतूद करून पुन्हा उडालं. धावपट्टीवर नेते, पंखांना लावलेल्या रसायनाच्या नळकांड्या, वाहिन्यांची थेट प्रक्षेपणं. संध्याकाळी कुठे तरी पाऊस आला की 'प्रयोग यशस्वी', नाही आला की 'पैसे पाण्यात', तेही पाण्याशिवाय. माझं स्पष्ट मत असं की या दोन्ही मथळ्यांची किंमत एकच आहे, शून्य. ज्या ढगात रसायन सोडलं तो ढग एकदाच येतो. न सोडता तो किती बरसला असता हे त्या एका ढगाकडे पाहून जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. विमान उडवणं हा खर्चाचा भाग आहे. विज्ञान सुरू होतं ते न सोडलेल्या ढगांपासून.

म्हणूनच सोलापूरचा प्रयोग मला या सगळ्यांत मोलाचा वाटतो. आयआयटीएमचा 'कायपिक्स' हा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. त्याचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागात झाला. सोनारी तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत येते. शास्त्रज्ञ तारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालचा हा गट. जमिनीवर रडार आणि पर्जन्यमापकांचं जाळं, वर विमानं, नळकांड्यांत कॅल्शियम क्लोराइड. एकूण २७६ ढग निवडले. त्यांतल्या काहींत बीजारोपण केलं, म्हणजे हे रसायन सोडलं, काही जाणूनबुजून तसेच सोडले. दुष्काळी भागात भरलेला ढग समोर असताना हात आवरून बसायचं, याला वेगळंच धैर्य लागतं. तिथल्या लोकांना ते कसं समजावायचं हा आणखी वेगळा विषय.

२०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात निकाल छापून आला. बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किलोमीटरवर पावसात सुमारे १८ टक्के वाढ, आणि काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत.

अठरा टक्के डोळ्यांना कसे दिसतात? शासकीय पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. सकाळी साडेआठला झाकण काढायचं, आतली बाटली मोजपात्रात ओतायची आणि पाण्याची रेघ डोळ्याच्या पातळीवर आणून वाचायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या बाटलीत २० मिलिलिटर, चहाचे चार चमचे. त्याचे अठरा टक्के, एक चमचासुद्धा नाही. दोन पावसाळे, विमानं, रडार, २७६ ढग हे सारं या अर्धा-पाऊण चमच्याच्या शोधात. बाटलीच्या तोंडाला चिकटलेलं पाणी, वाऱ्याने बाहेर उडालेले थेंब, वाचणाऱ्याची घाई, यांतच अर्धा चमचा कधी हरवेल सांगता येत नाही.

शिवाय पर्जन्यमापक बघतो ती जागा केवढी! १०० चौरस किलोमीटरमध्ये २०० चौरस सेंटिमीटर म्हणजे ५०० कोटींत एक. आणि आपल्याकडचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवणारा. बाकीचं क्षेत्र बघायला रडार हवं. रडारची गंमत निराळी. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यातलं पाणी आठपट होतं, पण रडारला येणारा प्रतिध्वनी ६४ पट, कारण तो व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. तेच दहा लाख ढगकण एका थेंबात एकवटले तर पाणी होतं तेवढंच राहतं आणि रडारला ते दहा लाख पट ठळक दिसतं. थेंबांचा आकार ठाऊक नसलेला रडारवाला पावसाचा अंदाज दुप्पट-तिप्पट चुकवू शकतो. म्हणून त्याला बाटली वाचणाऱ्याची गरज, बाटलीवाल्याला रडारची, दोघांना ढगात जाऊन कण मोजणाऱ्या विमानातल्या माणसाची, आणि तिघांच्या आकड्यांत योगायोग किती हे सांगायला संख्याशास्त्रज्ञाची. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापासून शंभर किलोमीटरपर्यंत जायचं, म्हणजे लांबीच्या मापात एक लाख कोटी पटींचा प्रवास. एका विषयाचं शिक्षण घेतलेला माणूस या वाटेवर फार तर दोन-तीन टप्पे ओळखतो.

या साखळीत ऊर्जेचाही हिशेब आहे. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. आपल्या एक मिलिमीटरसाठी १० कोटी किलो वाफ पाणी झाली, म्हणजे जवळपास ७ कोटी युनिट ऊर्जा मोकळी झाली. ज्या घराचं बिल महिन्याला १०० युनिटचं, अशा ७ लाख घरांची महिन्याची वीज. एवढ्या ताकदीच्या यंत्राला माणूस काही किलो मीठ घेऊन कोपरखळी मारायला निघाला आहे. कोपरखळी लागू पडते ती यंत्र आधीच काठावर उभं असेल तर. ढगच नसेल तर कितीही नळकांड्या जाळा, थेंब मिळत नाही. विमान नेमकं कोरड्या ऑगस्टात मागवलं जातं आणि ऑगस्ट कोरडा असतो तो कित्येकदा ढग नसल्यामुळेच.

१८ टक्क्यांवर विश्वास ठेवावा का? इस्राएलचं उदाहरण डोळ्यांसमोर असू द्यावं. तिथे १९६० च्या दशकातल्या पहिल्या प्रयोगात वाढ दिसली सुमारे १५ टक्के. देशाने मग बीजारोपण नेहमीचंच करून टाकलं. पुढे २०१३ ते २०२० असा सात हंगाम काटेकोर प्रयोग झाला, त्यात वाढ निघाली १.८ टक्के, तीही योगायोगापासून वेगळी काढता न येणारी. २०२१ मध्ये त्यांनी काम थांबवलं. तिथले ढग हिवाळी, रसायनही दुसरं, तेव्हा तो निकाल सोलापूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आकडा लहान असला की प्रयोग मोठा लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

मग पैशाचं काय? सोलापूरच्या अभ्यासातून या पाण्याचा खर्च निघाला लिटरला १८ पैसे. बाटलीबंद पाणी विकत घेणाऱ्याला हे फुकट वाटेल. शेतकऱ्याच्या मापात मोजू. दहा हजार लिटरचा टँकर १,८०० रुपयांना पडला. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरच्या वर, म्हणजे साडेअठरा हजार रुपये. सोनारीतच साखर कारखाना आहे, भोवताली ऊस आहे. मोकळं पाणी देऊन घेतलेला ऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पितो, एकराला ८० लाख लिटर. या दराने त्या एका एकराचं पाणी साडेचौदा लाखांचं होईल. जोंधळ्याला ऐन पोटरीत मिळालेला एक इंच मात्र पीक वाचवू शकतो, आणि तिथे हा हिशेब थोडा वेगळा दिसू लागतो. तरी हे पाणी टँकरसारखं सांगितलेल्या बांधावर उतरत नाही. ते पडेल तिथलं.

२०२५ च्या सप्टेंबरात याच परंडा-भूम भागात आभाळ फाटलं, सीनेचं पाणी गावांत शिरलं, माणसं पुरातून बाहेर काढावी लागली. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाले की सरकारदरबारी अतिवृष्टी. आपल्या १०० चौरस किलोमीटरवर ते ६५० कोटी लिटर होतात, पाण्याच्या रेल्वेच्या २,६०० खेपा, एका रात्रीत. आणि नुकसानभरपाई मिळणार की नाही हे ठरतं त्या मंडळातल्या एका यंत्राच्या आकड्यावर, ५०० कोटींत एक एवढ्या तोंडाच्या. ६४ भरले की ६६, यावर गावांत भांडणं होतात. 'आमच्या शिवारात ढगफुटी झाली आणि यंत्र मंडळाच्या गावात कोरडं', असा अर्ज घेऊन माणूस तहसीलला जातो. हा माणूस नमुना निवडण्यातल्या त्रुटीबद्दल बोलतोय आणि बरोबर बोलतोय. विज्ञानाकडे लोकांचं लक्ष नाही अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा परंड्याच्या तहसील कचेरीत जाऊन उभं राहावं. लक्ष आहे. ते बाटलीवर आहे, विमानावर थोडे दिवस होतं, आणि मधल्या ढगापर्यंत त्याला कुणी नेलेलं नाही.

तो ढग आता खोलीत आणायचं घाटतंय. केंद्राने २०२४ च्या सप्टेंबरात २,००० कोटींच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली. त्यात पुण्याच्या आयआयटीएममध्ये मेघकक्ष उभारण्याची योजना आहे. बंद कक्षात ठरावीक तापमान, ठरावीक ओलावा, ठरावीक धूळ घेऊन ढग तयार करायचा, त्यात मीठ सोडायचं, मोजायचं. मग तोच ढग पुन्हा तयार करून मीठ न सोडता मोजायचं. बारामतीच्या अकरा पावसाळ्यांत आणि सोलापूरच्या २७६ ढगांत ही सोय नव्हती. मेघकक्षात कणांची गणती होईल घन सेंटिमीटरमध्ये, शंभर, पाचशे, हजार. त्या आकड्यांवरून सोनारीच्या बाटलीतल्या पाऊण चमच्यापर्यंत कसं यायचं, ते गणित अजून मांडायचं आहे.